घडीची सायकल विमानातून न्यावी, की तिकडेच घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेले, ठाण्याहून सप्टेंबरमध्ये बारा दिवसांसाठी लंडन, पॅरिस आणि ॲमस्टरडॅमला जाताय. तुमच्याकडे वीस इंची चाकांची घडीची सायकल आहे आणि ती तुम्ही रोज चालवता. तुमच्या पत्नीने मात्र कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही. ही सायकल सोबत न्यावी, तिथल्या रस्त्यावरच्या शेअर सायकली (एका तळावरून घ्यायच्या, दुसऱ्या तळावर लावून द्यायच्या) वापराव्यात, की दुकानातून भाड्याने घ्याव्यात, असं तुम्ही विचारलंय.

मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला राहते आणि सायकली भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या वर्कशॉपमध्ये काम करते. माझी स्वतःची सोळा इंची घडीची सायकल आहे, ती घेऊन मी आगगाडीने बरीच फिरते. त्यामुळे तिन्ही प्रकारांशी माझा रोजचा संबंध आहे. तुमच्या सहलीसाठी माझं मत आधीच सांगते: घडीची सायकल या वेळी घरी ठेवा. लंडन आणि पॅरिसमध्ये शेअर सायकल छोट्या टप्प्यांपुरती वापरा. ॲमस्टरडॅममध्ये दुकानातून दोन-तीन दिवसांसाठी चांगली सायकल घ्या, आणि सहलीतलं खरं सायकलिंग तिथे करा.

लोक सायकल निवडताना ती चालेल कशी याचाच विचार करतात. मी मात्र आधी विचारते की तुम्ही चालवत नसाल तेव्हा ती कुठे असेल. संग्रहालयात तीन तास गेलात, जेवायला बसलात, पाऊस आला म्हणून मेट्रोने परतलात, रात्री झोपलात, या सगळ्या वेळात सायकल कुठेतरी असणारच, आणि ती कोणाच्या तरी जबाबदारीवर असणार. शेअर सायकल तळावर लावली की ती तुमची राहत नाही. भाड्याची सायकल कुलूप लावून बाहेर राहते आणि तिची काळजी तुम्हाला असते. घडीची सायकल तुमच्यासोबत आत येते, पण मग ती उचलायलाही तुम्हीच लागता. एवढं लक्षात घेतलं की बरेचसे निर्णय आपोआप होतात.

आता तुमच्या घडीच्या सायकलीबद्दल. बहुतेक विमान कंपन्या चेक-इन सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरपर्यंत साधं सामान धरतात, आणि वजनाची नेहमीची मर्यादा 23 किलो असते. ब्रॉम्प्टन कंपनीची सोळा इंची सायकल घडी केली की साधारण 58 गुणिले 57 गुणिले 27 सेंटिमीटर होते. म्हणजे बेरीज 142 च्या आसपास. जाड पिशवीत घातली तरी ती बसते. वीस इंची सायकल घडी करून साधारण 80 लांब, 60 उंच आणि 40 रुंद होते, बेरीज 180. मॉडेलप्रमाणे थोडं कमी-जास्त होईल, पण 158 मध्ये ती सहजी बसत नाही. मग चाकं, पायडल आणि सीट काढून खोक्यात भरायची किंवा मोठ्या सामानाचे पैसे भरायचे. शिवाय तेरा-चौदा किलो सायकल आणि दोन-तीन किलो खोकं झाल्यावर तुमच्या कपड्यांना काय उरलं तेही बघा. तुमची सायकल बॅटरीवाली असेल तर विषयच संपला. प्रवासी विमानात 160 वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि सायकलच्या बॅटऱ्या बहुधा त्याहून मोठ्या असतात.

विमानातून सायकल सुखरूप पोहोचली असं धरू. पुढे तीन शहरं, तीन हॉटेलं. लंडन-पॅरिस आणि पॅरिस-ॲमस्टरडॅम हे प्रवास तुम्ही युरोस्टार आगगाडीने करणार आहात. तिथे घडीची सायकल पिशवीत घालून चालते, पण लांबीची मर्यादा 85 सेंटिमीटर आहे. तुमची बसेल, जेमतेम. प्रत्येक स्थानकावर दोन सुटकेस आणि ही पिशवी. अंदाज हवा असेल तर एक दिवस ठाणे स्थानकाच्या पुलावर घडी केलेली सायकल आणि एक भरलेली सुटकेस घेऊन चढून उतरून बघा. इतकं करून सायकल एकच, माणसं दोन. पत्नीसाठी तिकडे वेगळी घ्यावीच लागणार. मग तुमचीही तिथूनच का नको?

घडीची सायकल वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. माझं तिच्यावर प्रेम आहे. पण तिचा खरा उपयोग आगगाडीसोबत होतो. नेदरलँड्सच्या रेल्वेत घडी केलेली सायकल सामान म्हणून फुकट आणि कोणत्याही वेळी नेता येते. साध्या सायकलीला वेगळं तिकीट लागतं आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तिला मनाई असते. लंडनच्या ट्यूबमध्येही, म्हणजे तिथल्या मेट्रोत, घडी केलेली सायकल केव्हाही चालते. तुमचा मुलगा किंवा मुलगी इकडे राहत असती, तुम्ही दीड-दोन महिने येणार असता, घर स्थानकापासून दोन-तीन किलोमीटर लांब असतं, तर मी उलटं सांगितलं असतं: सोळा इंची सायकल घ्या आणि घेऊनच या. रात्री ती पलंगाखाली राहील, चोरीची भीती नाही, आणि आज लायडन, उद्या डेल्फ्ट असं मनाला येईल तसं फिरता येईल. बारा दिवस आणि तीन राजधान्या या गणितात ती बसत नाही.

लंडनमध्ये सँटँडर सायकल्स या शेअर सायकल सेवेचे मध्य शहरात सुमारे 800 तळ आहेत. ही सेवा 2010 मध्ये सुरू झाली तेव्हा बार्कलेज बँकेचं नाव होतं, 2015 पासून सँटँडरचं आहे. तळावरच्या यंत्रात कार्ड घालून किंवा ॲपवरून सायकल घेता येते. पहिल्या अर्ध्या तासाचं भाडं ठरलेलं असतं, पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला पैसे वाढतात. म्हणून ही सायकल सहलीला नेऊ नका, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला वापरा. वीस मिनिटं चालवा, तळावर लावा, हवं ते बघा, निघताना दुसरी घ्या. लावताना चाक जोरात आत ढकला आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तिथून हलू नका. दिवा लागला नाही तर सायकल तुमच्याच नावावर राहते आणि मीटर चालू राहतं.

लंडनमध्ये वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते, त्यामुळे डोकं गोंधळत नाही. पण सगळीकडे चालवू नका. टॉवर हिलपासून थेम्सच्या काठाने वेस्टमिन्स्टरपर्यंत मोटारींपासून वेगळा केलेला सायकलमार्ग आहे, त्यावर सी3 अशी खूण दिसते. तो आणि हाइड पार्कमधला सर्पेंटाइन तळ्याच्या कडेचा रस्ता, एवढं पहिल्या खेपेला पुरेसं आहे. एक गोष्ट मात्र कायम पाळा. सिग्नलला ट्रक किंवा बस उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. ती डावीकडे वळली की चालकाला तुम्ही दिसत नाही, आणि लंडनमधले सायकलस्वारांचे फार वाईट अपघात असेच झालेले आहेत. मागे थांबा. दहा सेकंद जातील.

पॅरिसची वेलिब ही शेअर सायकल सेवा 2007 पासून आहे. हिरव्या सायकली साध्या, निळ्या बॅटरीवाल्या. तळ इतके आहेत की मध्य शहरात चालत पाच मिनिटांत एखादा सापडतोच. अडचण असते ती चढाची. मोंमार्त्रसारख्या उंच भागातून लोक सायकलने खाली येतात आणि परत जाताना मेट्रोने जातात, त्यामुळे वरचे तळ रिकामे आणि नदीकाठचे भरलेले अशी स्थिती अनेकदा असते. निघण्याआधी ॲपमध्ये दोन्ही टोकं बघा: जिथून घ्यायची तिथे सायकल आहे का, आणि जिथे लावायची तिथे जागा आहे का. दुसरं बघणं लोक विसरतात, आणि मग भरलेल्या तळांभोवती चकरा मारतात. सीट उलटी फिरवलेली सायकल दिसली तर तिला हात लावू नका. ती बिघडलेली आहे हे पुढच्याला कळावं म्हणून पॅरिसचे लोक सीट मागे फिरवून ठेवतात. उरलेल्यांतही घेण्याआधी टायर अंगठ्याने दाबा, दोन्ही ब्रेक ओढा, चेन जागेवर आहे का बघा. अर्धं मिनिट लागतं.

पॅरिसमध्ये उजवीकडून चालायचं आहे, शिवाय इथला पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये तो उजव्या हाताला. घाबरून नेहमीच्या सवयीने एकच ब्रेक करकचून दाबाल तर भलताच लागेल, म्हणून दोन्ही एकदम आणि हळू दाबायची सवय लावा. कान झाकणारे किंवा कानात घालायचे हेडफोन लावून सायकल चालवायला फ्रान्समध्ये बंदी आहे, त्याला 135 युरो दंड आहे. हातात मोबाइल धरला तरी तेवढाच. रस्ता शोधायचा तर बाजूला थांबून शोधा. चालवायला र्यू द रिव्होली हा रस्ता आणि सेन नदीचा काठ उत्तम. रिव्होलीचा बहुतेक भाग 2020 मध्ये सायकलींना दिला गेला, आणि उजव्या काठाचा मधला पट्टा मोटारींना बंद आहे. आर्क द ट्रिओम्फभोवतीचा मोठा चौक फक्त बघायचा, त्यात सायकल घालायची नाही.

पैशांचं आत्ताच करून ठेवा, कारण आपल्याकडचे पाहुणे इथे अडकतात. वेलिब घेताना 300 युरोंची अनामत कार्डावर रोखून ठेवली जाते. पैसे कापले जात नाहीत, पण तेवढी मर्यादा अडकून राहते. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर अशी रक्कम अडकली की सुटायला कधी कधी बरेच दिवस लागतात आणि तोवर तुमचे स्वतःचेच पैसे वापरता येत नाहीत. म्हणून या कामासाठी क्रेडिट कार्ड वापरा, बँकेच्या ॲपमध्ये त्याचा परदेशातला वापर चालू करून या, आणि दोन सायकली घेणार असाल तर तितकी मोकळी मर्यादा ठेवा. ॲप ठाण्यातच उतरवून खातं उघडा, कारण ओटीपी तुमच्या भारतीय नंबरावर येणार. दर बदलत असतात, ते ॲपमध्येच बघा.

आता ॲमस्टरडॅम. इथे रस्त्यावरून उचलायच्या सायकलींवर तुमची सहल बेतू नका. कुठेही सोडता येणाऱ्या शेअर सायकलींनी पदपथ भरायला लागले तेव्हा शहराने 2017 मध्ये त्या हटवल्या. स्थानकांवरच्या रेल्वेच्या सायकली इथल्या रहिवाशांच्या वैयक्तिक कार्डाशी जोडलेल्या असतात, पाहुण्याला त्या सोयीच्या नाहीत. पण भाड्याची दुकानं भरपूर आहेत. साधी सायकल दिवसाला साधारण 10 ते 20 युरोंच्या दरम्यान मिळते, आणि सलग दिवस घेतलीत तर दर उतरतो.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न ब्रेकचा विचारा. स्वस्तातल्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. भारतातून आलेल्या माणसाची बोटं घाबरल्यावर ब्रेक शोधतात, आणि हँडलला काहीच नसतं. शिवाय या सायकलीचं पायडल मोकळं उलटं फिरत नाही, त्यामुळे सिग्नलला थांबल्यावर निघताना पायडल हव्या त्या उंचीवर आणता येत नाही आणि तोल जातो. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, दोघांसाठी हाताचे ब्रेक असलेलीच सायकल मागा. गिअर असतील तर चांगलं. चढासाठी नव्हे, समोरच्या वाऱ्यासाठी. इथे डोंगर नाहीत, पण वारा आहे.

दुसरी गोष्ट सीटची उंची. डच सायकली उंच असतात. दुकानदार भराभर सायकली देत असतो, तो म्हणेल चालेल, पण तुम्ही घाई करू नका. तुमच्या पत्नीचे दोन्ही पाय बसल्या जागी जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. चालवायला ही उंची आदर्श नाही, गुडघे थोडे जास्त वाकतात, पण बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसाला पाय टेकतोय हा धीर जास्त मोलाचा असतो. मधला दांडा खाली असलेली चौकट मागा, म्हणजे टांग मारावी लागत नाही. सीट सगळ्यात खाली नेऊनही पाय टेकत नसेल तर लहान चौकट मागा. ती नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. आमच्याकडे पडून खरचटून परत येणाऱ्या पाहुण्यांत मोठी सायकल घेतलेले फार असतात.

कुलुपं दोन असतात. एक मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूप, दुसरी जाड साखळी. दोन्ही लावायची, प्रत्येक वेळी, दोन मिनिटांसाठी थांबलात तरी. साखळी चौकटीतून आणि पुढच्या चाकातून काढून लोखंडी कठड्याला किंवा सायकल स्टँडला बांधा. दुकान चोरीचा विमा देतं, पण सायकल गेली तर विमा साधारणपणे किल्ली दाखवल्यावरच लागू होतो. किल्ली कुलपातच राहिली असेल तर सायकलीची भरपाई तुमच्या कार्डातून जाते. विमा घेताना तुमच्यावर किती रक्कम येते तेही तेव्हाच विचारून घ्या. जिथे सायकल लावायला मनाई आहे तिथे लावली तर पालिका ती उचलून शहराबाहेरच्या डेपोत नेते, आणि तुम्हाला ती चोरीला गेली असं वाटत राहतं. सेंट्रल स्थानकासमोर पाण्याखाली 2023 मध्ये 7,000 सायकली ठेवायचा तळ झाला आहे. तिथे पहिले 24 तास फुकट असतात. ऊन-पाऊस लागत नाही, राखण असते. मी तर पाहुण्यांना आधी तोच दाखवते.

इथले नियम बरेच आहेत, पण तीन डोक्यात ठेवा. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असली, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो सायकलवर का असेना. आणि ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर चाक खाचेत अडकतं आणि सायकल जागच्या जागी आडवी होते. ओल्या रुळांवर तर वळूच नका. फोटो काढायचा असेल तर लाल रंगाच्या सायकलमार्गावर थांबू नका. मागचा माणूस ऑफिसला निघालेला असतो, त्याला तुम्ही अचानक थांबाल याची कल्पना नसते. हात दाखवा, मार्ग सोडून बाजूला या, मग थांबा.

म्हणून सायकल सोमवार ते शुक्रवारातल्या दिवशी, सकाळी साडेनऊ-दहानंतर घ्या. शाळा-ऑफिसची गर्दी ओसरलेली असते. पहिला तास फोंडेलपार्क या मोठ्या बागेत घालवा. दुसऱ्या दिवशी सेंट्रल स्थानकाच्या मागून फेरीबोटीने पाण्यापलीकडे जा. ही बोट फुकट आहे आणि सायकली घेऊन चढता येतं. पलीकडून पूर्वेला डुर्गरडॅम, रान्सडॉर्प, होलिस्लोट अशी छोटी गावं आहेत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कुरणं, मोटारी जवळपास नाहीत. सगळं मिळून पंचवीस-तीस किलोमीटर होतात, रमतगमत पूर्ण दिवस जातो. कालव्यांच्या गर्दीत सायकल दामटण्यापेक्षा हा दिवस तुम्हाला दोघांनाही जास्त आवडेल याची मला खात्री आहे.

आता तुमच्या पत्नीबद्दल, कारण सहलीतलं सायकलिंग त्यांच्यावर ठरणार आहे. तोल विसरला जात नाही, पण धीर जातो. निघायच्या आधी महिनाभर सकाळी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या मैदानात त्यांना तुमच्याच घडीच्या सायकलीवर बसवा. सीट खाली घेता येते आणि मधला दांडा ठेंगणा असतो, शिकायला ती उत्तम आहे. पहिले दोन-तीन दिवस पायडल न मारता, दोन्ही पायांनी जमीन ढकलत चालवू दे. मग पायडल. सरळ चालवणं जमलं की दोन गोष्टी घोटून घ्या: एक हात सोडून वळायची दिशा दाखवणं, आणि मान मागे वळवून बघताना सायकल सरळ ठेवणं. ॲमस्टरडॅममध्ये या दोन्ही लागतात. तुम्ही शेजारून सूचना देत राहू नका, पुढे निघून जाऊ नका. तिकडेही त्यांना पुढे ठेवा आणि तुम्ही मागे राहा, म्हणजे वेग त्या ठरवतील. डच रस्त्यांवर दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, रस्ता मोकळा असेल तेव्हा ती वापरा. हेल्मेट या तिन्ही देशांत मोठ्या माणसांना सक्तीचं नाही, पण त्यांना त्याने बरं वाटत असेल तर जरूर घ्या. इथे कोणी घालत नाही म्हणून लाजायचं कारण नाही.

महिन्याभरानंतरही त्यांना गर्दीची भीती वाटत असेल तर लंडन आणि पॅरिसमध्ये सायकल सोडून द्या. तिथे चालणं आणि मेट्रो पुरेसं आहे. फोंडेलपार्क आणि पलीकडची गावं मात्र सोडू नका.

दुकान निवडण्याआधी दोघांची उंची आणि पायांची आतली लांबी भिंतीला टेकून, चपला काढून मोजा. ते आकडे मला कळवलेत तर कोणत्या मापाची चौकट मागायची ते नेमकं सांगते.